तेरावा डबा

मला भेटायला येणारी मुलं हल्ली एकच प्रश्न विचारतात : "त्या काळात बाईमाणूस असून दिग्दर्शन कसं केलंत?" मी सांगते, "ओरडून." ती हसतात आणि वहीत भलतंच काहीतरी लिहून घेतात. पण उत्तर खरंच तेवढंच आहे. ज्याला कॅमेरा चालवता येत नाही, अभिनय येत नाही, आणि काही बिघडलं की सगळे ज्याच्या तोंडाकडे बघतात, तो दिग्दर्शक. मला शिवणकाम येत होतं. त्या जोरावर मी सिनेमा कंपनीत शिरले, पोशाख शिवता शिवता फिल्म कापायच्या टेबलावर गेले, आणि तिथं मान मोडून नऊ वर्षं काढली. मग दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत आमच्या शेठजींचा दिग्दर्शक ऐनवेळी दुसऱ्या कंपनीत गेला. दुसरा माणूस मिळेना, म्हणून बाई मिळाली. ती मी.

मी परभणीची. वडील तिथल्या अदालतीत पेशकार होते, म्हणजे मुन्सिफसाहेबांसमोर कागद ठेवायचे. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत, त्यामुळे घरात रामरक्षेबरोबर उर्दूही कानावर पडायची. बाराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि चौदाव्या वर्षी मी कपाळ पुसून माहेरी परत आले. नवऱ्याचा चेहरा मला आठवत नाही. लोक विचारतात तेव्हा मी उगाच डोळे पुसत नाही. ज्याला नीट बघितलंच नाही त्याच्यासाठी किती रडणार? मला रडू आलं ते पुढच्या संक्रांतीला. आईकडे हळदीकुंकू होतं आणि मला "तू जरा आत बस" म्हणून माजघरात बसवलं. बाहेर बायकांचं हसणं चाललेलं आणि मी आत मांडीवर हात ठेवून बसलेली. तो प्रसंग मी पुढं सिनेमात घातला. त्याचीच ही गोष्ट.

कथा साधी होती. नव्यानं विधवा झालेली मुलगी संक्रांतीला नदीकाठी एकटी उभी आहे, आणि गावातल्या बायका सुगडं घेऊन ववसायला, म्हणजे ती देवाला वाहायला, तिच्यासमोरून जातात. बोलणं नाही, गाणं नाही. सिनेमा तिथंच संपतो. शेठजींना हा शेवट पटला नव्हता. त्यांच्या मते शेवटी एक नाच हवा होता. त्यांनी मला बजावलं, "शूटिंगला जा, पण शेवट अपुरा आणलास तर मी दुसरा दिग्दर्शक बसवीन आणि त्याच्याकडून नाच घेईन. पडद्यावरच्या पाटीवर नावही त्याचंच जाईल." ते वाईट मनुष्य नव्हते. त्यांना फक्त बाईच्या हातून गोष्ट पुरी होईल याची खात्री नव्हती. खरं सांगायचं तर मलाही नव्हती.

खऱ्या बायका आणि खरा ववसा हवा म्हणून मी मंडळींना माझ्याच जिल्ह्यात घेऊन गेले. सोनपेठजवळ गंगाकाठी एक खेडं आहे. गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. तिथं पोचायच्या आधी परभणी स्टेशनवर करोडगिरीची चौकी लागायची. निजामाच्या हद्दीत येणारा-जाणारा माल तिथं तपासायचे. चौकीवरच्या मुन्शीनं आमची ट्रंक उघडली आणि आतले गोल पत्र्याचे डबे बघून विचारलं, "इसमें क्या है? खोल के बतावो."

आमचे कॅमेरामन दिनकरराव कोल्हापूरचे, तालमीत घुमलेले. ते सरळ ट्रंकेवर बसले. "आधी मला उघडा," म्हणाले.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगायला हवं. डब्यात कोरी फिल्म काळ्या कागदात गुंडाळलेली असते. तिला उजेड दाखवायचा तो फक्त कॅमेऱ्याच्या आत, तोही डोळा मिटण्याएवढा. नाहीतर सगळी वाया. आणि चित्र घेतलेली फिल्म तर आणखी नाजूक. धुऊन होईपर्यंत तिच्यावर काय आहे हे कुणालाच दिसत नाही, आणि एकदा डबा उघडला की पुढंही कधी दिसणार नाही. विरजण लावलेल्या दुधासारखं असतं ते, मधेच भांडं हलवलं की संपलं. शिवाय लढाईमुळं फिल्म परवान्यावर मिळायची, ती मोजकीच.

मी वडिलांची उर्दू बाहेर काढली. मुन्शीजींना म्हटलं, "जनाब, डोळ्यांनी नाही, हातांनी बघा." आमच्याकडे फिल्म बदलायची काळ्या कापडाची पिशवी असते, तिला हात घालायला दोन बाह्या असतात. एक डबा त्या पिशवीत ठेवला. मुन्शीजींनी दोन्ही हात आत घातले, डोळे मिटले, आणि आतल्या आत डबा उघडून चाचपू लागले. सगळी चौकी श्वास रोखून बघत होती. मग त्यांचा चेहरा उजळला. "अरे, ये तो फीता है!" त्यांनी आम्हाला चहा पाजला. तेव्हापासून मी एक शिकले : अडवणाऱ्या माणसाशी भांडायच्या आधी त्याला आपलं काम करू देता येतं का ते बघावं.

गावात मात्र वेगळीच अडचण आली. बायका यायला तयार होईनात. पुरुष म्हणायचे, "दिग्दर्शक कुठंय? त्यायला बोलवा, मंग बोलू." मी समोर उभी असायची. दोन दिवस असे गेले. शेवटी आमच्या पोशाखवाल्या अनसूयाबाईंनी तोड काढली. अनसूयाबाई नाशिकच्या, पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकवाच्या, जगातला कुठलाही प्रश्न खाऊ घालून सुटतो अशी त्यांची समजूत. त्या विहिरीवर गेल्या आणि बायकांना म्हणाल्या, "तुम्ही सिनेमात येऊ नका. तुम्ही फक्त दरवर्षीसारख्या ववसायला जा. आमची माणसं लांब उभी राहून बघतील. आणि नंतर आमच्याकडे हळदीकुंकवाला या." याला कोण नाही म्हणणार?

संक्रांतीच्या सकाळी बारा बायका काळी लुगडी नेसून सुगडं घेऊन निघाल्या. आमची नायिका पांढऱ्या लुगड्यात वाटेच्या कडेला उभी होती. मी तिला एकच सांगितलं होतं, "हात कुठं ठेवायचे हे तुला कळत नाहीये, एवढंच मनात धर." बायका जवळून गेल्या. बाराव्या बाईनं, कुणी सांगितलं नसताना, नायिकेकडे बघून स्वतःच्या सुगडावर पदर ओढला. नायिकेचे हात हलले, परत खाली आले. दिनकररावांनी कॅमेरा थांबवला आणि नाक शिंकरलं. मी ओरडायला विसरले. आयुष्यात मी घेतलेलं सगळ्यात चांगलं चित्र ते, आणि त्यात माझं कर्तृत्व म्हणाल तर गप्प बसण्याचं.

ते सगळं एका डब्यात मावलं. दुसऱ्या दिवशी कर, म्हणजे किंक्रांत असताना, "आज निघू नये" असं सगळ्यांनी सांगूनही नायिका गंगाखेडची गाडी गाठून दुसऱ्या कंपनीच्या कामाला गेली. कोरी फिल्म संपली होती. आणि संक्रांत तर वर्षातून एकदाच.

आता माझी चूक सांगते. आम्ही एका अडत्याच्या मोकळ्या गोदामात उतरलो होतो. तो डबा थंड जागी राहावा म्हणून मी तो पुरुषांच्या बाजूच्या उन्हात न ठेवता, माझ्या हातानं, बायकांच्या खोलीतल्या कोपऱ्यात ठेवला. दिनकररावांनी त्याच्या झाकणाभोवती नेहमीसारखी पांढरी पट्टी चिकटवली होती. मी कुणाला काही सांगितलं नाही. मला वाटलं, मला माहीत आहे म्हणजे सगळ्यांना माहीत आहे. दिग्दर्शकाचा हा जुना रोग.

करीला काही चांगलं करत नाहीत, म्हणून हळदीकुंकू तिसऱ्या दिवशी ठेवलं. वाण काय लुटायचं हा प्रश्न होता. लढाईमुळं भांडी मिळत नव्हती. अनसूयाबाईंची नजर आमच्या रिकाम्या डब्यांवर गेली. लख्ख पत्रा, घट्ट झाकण, मुंगीसुद्धा आत जायची नाही. आधी घेतलेली बाकीची चित्रं दिनकररावांनी मोठ्या डब्यांत एकत्र बांधली होती, त्यामुळं तेरा डबे रिकामे होते. एक दिनकररावांनी सुपारीसाठी ठेवून घेतला, उरले बारा. अनसूयाबाईंनी त्यांत तिळगूळ, हरभरे, बोरं, उसाचे करवे भरले. त्यांनी दिनकररावांना झाकणाला पट्टी लावताना बघितलं होतं. डबा भरला की पट्टी लावायची, असं त्यांनी मनाशी धरलं आणि बाराही डब्यांना पांढऱ्या पट्ट्या लावल्या. मग ते भरलेले डबे त्याच कोपऱ्यात रचून ठेवले.

हळदीकुंकवाला मी कुठं होते? मागच्या खोलीत, मांडीवर हात ठेवून. मला कुणी बस म्हटलं नव्हतं. मी आपणहून उठून गेले. हातात एवढी मोठी कंपनी, पण बाहेर अत्तरदाणीचा वास आल्यावर पाय आपसूक आत वळले. बाहेर बाराऐवजी तेरा बायका आल्या. तेरावी शेवंता, नवी सून, मैत्रिणीबरोबर उशिरा आलेली. अनसूयाबाईंनी कोपऱ्यात हात घातला तर आणखी एक भरलेला डबा हाताला लागला. देवानंच एक वाढवून दिला, असं त्यांना वाटलं. मी बाहेर असते तर त्यांचा हात धरला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान बांधताना दिनकररावांनी विचारलं, "बाई, संक्रांतीचा डबा?"

कोपरा रिकामा होता. अनसूयाबाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं आणि मटकन खाली बसल्या. "अगं बाई, तो वाणात गेला."

मला राग आला नाही. तिळगुळाचा डबा समजून कोण उघडल्याशिवाय ठेवेल? शेठजींचा नाच मला डोळ्यांसमोर दिसायला लागला. घुंगरांसकट.

आम्ही दारोदार निघालो. आता दिलेलं वाण परत मागणं म्हणजे अपशकुन. मी पहिल्या दारात म्हटलं, "वाण परत नको हो, फक्त बघायचंय." ती बाई हसली. डबा तिनं कधीच उघडला होता, पोरं करवे चघळत होती. आत तिळगूळ! मी एवढी खूश झाले की तिला वाटलं, बाई भुकेली आहे. तिनं माझ्या पदरात मूठभर हुरडा टाकला. "वाणाच्या घरून रित्या पदरानं जायाचं न्हाई."

दुसरं घर, तिसरं, चौथं. प्रत्येक ठिकाणी डबा उघडलेला आणि आत तिळगूळ. प्रत्येक घरी सुटकेचा श्वास टाकायचा आणि पुढच्या दाराशी तो परत आत घ्यायचा. पदरात काही ना काही पडतच होतं : कुठं बोरं, कुठं तिळाची वडी, कुठं बाजरीची भाकरी. बारा घरं झाली. मी पदर दोन्ही हातांनी सावरून चालत होते आणि मागून दिनकरराव कुठल्या तरी देवाला नारळ बोलत होते.

राहिली शेवंता. ती दारात उखळाशी होती. आम्ही विचारलं, तशी ती बावरली.

"डबा माज्यापाशी न्हाई, बाई. मी सासूला दिला."

"का?"

"त्यायला वाण कोण देतंय? सासरे जाऊन लय वर्सं झाली. मी डबा आणला तवा लय वेळ बघायल्या होत्या. म्हून म्हणलं, घ्या, तुमीच ठिवा."

दिनकररावांनी विचारलं, "त्यांनी उघडला?"

"काय म्हाईत. इचारा की. आत हायेत."

आत अंधाऱ्या खोलीत गयाबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. साठीच्या असतील. मोकळं कपाळ, डोईवरून घट्ट पदर. मी त्यांच्यासमोर बसले आणि डब्याचं विचारलं. त्या उठल्या. कोपऱ्यातल्या कणगीत खांद्यापर्यंत हात घातला आणि ज्वारीच्या तळातून डबा वर काढला. त्याला दाणे चिकटले होते. पांढरी पट्टी होती तशी, सगळीकडून चिकटलेली.

"मावशी, उघडला नाहीत?"

"कशाला उगडू?" त्या हळू आवाजात म्हणाल्या, बाहेर सुनेला ऐकू जाऊ नये म्हणून. "सुनेनं मायेनं दिला, न्हाई म्हणवलं न्हाई. पर वाण हाय ते. माज्या कपाळाला कुकू न्हाई. मला त्येचा काय हक? तिला वाटू दे, म्हातारीनं खाल्लं."

दिनकररावांनी डबा घेतला, कानाशी धरला, पट्टीवरून बोट फिरवलं आणि तिथंच जमिनीवर बसून हसायला लागले. मला रडू फुटलं. इतकं सुटल्यासारखं मला त्यानंतर कधी वाटलं नाही. पहिला खेळ भरला तेव्हाही नाही. आणि त्या सुटकेच्या पोटात एक लाज होती. ज्या रीतीनं मला चौदाव्या वर्षी माजघरात बसवलं, जिला मी उभा जन्म शिव्या दिल्या, जिच्याविरुद्ध तो डबा भरला होता, तिनंच तो डबा वाचवला. ह्या बाईला कुणी लहानपणी सांगितलं असतं की तुझाही हक आहे, तर माझा सिनेमा आदल्याच दिवशी संपला असता.

गयाबाई माझ्याकडे बघत होत्या. "तुमीबी तशाच का?" त्यांनी विचारलं.

"हो, मावशी. लहानपणापासून."

"मंग काल हळदीकुकवाला कुठं बसला व्हतात?"

"मागच्या खोलीत."

त्यांनी मान हलवली. "येवढी मोठी बाई, आन् मागच्या खोलीत," एवढंच म्हणाल्या. आजवर माझ्या कामाबद्दल पुष्कळ टीका लिहून आली. या वाक्याएवढी नेमकी एकही नाही.

तो डबा पुढं नीट मुंबईला गेला. जाताना मुन्शीजींनी या वेळी पिशवी मागितली नाही, नुसतं विचारलं, "फीते में क्या बांध के ले जा रहे?" मी म्हटलं, "आमच्या बायका." फिल्म धुऊन आली तेव्हा बाराव्या बाईचा पदर अगदी स्वच्छ दिसत होता. शेठजींनी शेवट दोनदा बघितला आणि नाचाचं नाव काढलं नाही. पाटीवर नाव माझं लागलं, जरा बारीक अक्षरात. बारीक तर बारीक. मला चष्मा नव्हता तेव्हा.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. सिनेमाची एक प्रत घेऊन त्या गावात खेळ लावायचा, असं मी बारा घरी सांगून आले होते. पुढं दुसरं काम आलं, मग रझाकारांची धामधूम, मग पोलीस ॲक्शन. सगळं शांत झाल्यावर मी गेले नाही. रस्ते मोकळे होते, मीच मोकळी नव्हते. त्या बायकांनी स्वतःला कधीच पाहिलं नाही. ह्याला सबब नाही.

पण त्या दुपारी गावातून निघण्याआधी मी एक काम केलं, तेवढं सांगून थांबते. गोदामावर आल्यावर मी दिनकररावांचा सुपारीचा डबा मागितला. त्यांनी कुरकुरत सुपारी धोतराच्या सोग्यात बांधली. मी डबा पुसला आणि बारा घरांतून पदरात पडलेला तिळगूळ, बोरं, वड्या त्यात भरल्या. झाकणाभोवती पांढरी पट्टी स्वतः लावली. मग परत गयाबाईंकडे गेले. शेवंता दारातच होती. तिच्यासमोर, मुद्दाम मोठ्यानं, म्हटलं, "मावशी, हे वाण. हे चुकून आलेलं नाही. तुमच्या नावानं आणलंय."

त्यांनी डबा मांडीवर घेतला. सुनेकडे बघितलं. शेवंता म्हणाली, "उगडा की, आत्याबाई."

गयाबाईंनी पट्टीच्या टोकाला नख लावलं. ती हळूहळू सोलत नेली, आणि झाकण टप्प करून निघालं. डबा उघडल्याचा आवाज आला की आजही माझ्या काळजात धस्स होतं, धंद्याची सवय. उभ्या आयुष्यात तो आवाज मला एकदाच गोड लागला.